लांडगा, फुलपाखरू आणि बाळंतपण

आपल्या घरांतून बाळंतपण हा वडीलधाऱ्या बायकांचा विषय मानला जातो आणि दुखणे हा डॉक्टरांचा. दोन्ही खाती वेगळी, दोन्हींचे कारभारी वेगळे. पहिल्या खात्यात डिंकाचे लाडू, डोहाळजेवण आणि "आम्ही नाही का पाच-पाच बाळंतपणे केली?" हा ठरलेला सवाल, दुसऱ्यात गोळ्या, सुया, तपासण्या आणि बिले. पण न बरे होणारे दुखणे अंगात असतानाच एखाद्या बाईला दिवस गेले, तर कारभार कोणी पाहायचा? बहुतेक वेळा दोन्हीकडचे कारभारी एकमेकांकडे बोट दाखवतात आणि बाई मधल्या मध्ये सापडते.

मी ज्या दुखण्याविषयी लिहिणार आहे ते असे दुखणे आहे. त्याचे नाव ल्यूपस. २००८ सालापासून ते माझ्या सोबतीला आहे आणि त्याच्यासकट मी एका मुलीची आई झाले आहे. मी मराठीची प्राध्यापिका. वैद्यकाशी माझा संबंध काय तो रोग्याचा. पण रोगीसुद्धा इतक्या वर्षांत पुष्कळ शिकतो, आणि शिकलेले सांगत सुटण्याची सवय तर आमच्या धंद्यालाच आहे!

ल्यूपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, म्हणून मध्ययुगातील युरोपी वैद्यांनी हे नाव दिले असे म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या त्वचातज्ज्ञाला त्याच लाल चट्ट्यात पंख पसरलेले फुलपाखरू दिसले: दोन गालांवर दोन पंख आणि नाकाच्या दांड्यावर अंग. एकाला लांडगा दिसला, दुसऱ्याला फुलपाखरू! मला विचाराल तर दोघांचेही खरे आहे. हे दुखणे कधी महिनोन्‌महिने फुलपाखरासारखे गप्प बसते आणि कधी लांडग्यासारखे अंगावर येते.

होते काय, तर शरीराच्या संरक्षणासाठी निसर्गाने जी शक्ती ठेवली आहे तिलाच आपले-परके कळेनासे होते. आळीतला गुरखा चोर सोडून घरच्याच माणसांना काठीने बडवू लागला तर जसे होईल तसे. कधी सांधे सुजतात, कधी केस गळतात, कधी रक्त कमी होते; आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कधी मूत्रपिंडांवर हल्ला होतो. हा रोग संसर्गाने पसरत नाही. तो कर्करोगही नव्हे. तो मुळातून जात नाही, पण औषधांनी शांत ठेवता येतो. दहा रोग्यांपैकी नऊ बायका असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात गाठतो. म्हणजे नेमका लग्नाच्या आणि मुले होण्याच्या वयात. म्हणून या दुखण्याची गोष्ट बाळंतपणापासून वेगळी काढताच येत नाही.

त्यातून हा मोठा बहुरूपी आहे. गरोदर बाईच्या चेहऱ्यावर वांग येतो हे आपल्याला ठाऊक असते. ल्यूपसचा चट्टाही गालांवरच उठतो. फरक एवढाच की तो लालसर असतो, उन्हाने भडकतो आणि नाकाच्या बाजूंच्या घड्या बहुधा सोडून देतो. गरोदरपणी थकवा येतो, पायांवर सूज येते, कंबर आणि सांधे दुखतात, रक्त कमी होते. ल्यूपसमध्येही हेच होते. बाळंतपणानंतर केस गळतात, ल्यूपसमध्येही गळतात. त्यामुळे "पहिलटकरणीचे असेच असते" या एका वाक्याखाली पुष्कळ काही झाकून जाते. माझ्या सासूबाई प्रेमाने म्हणत, "सकाळच्या कोवळ्या उन्हात जरा बस गं, बाळाची हाडे बळकट होतात." इतरांसाठी हा सल्ला उत्तमच आहे. माझ्यासाठी ऊन हेच कुपथ्य होते.

जुन्या काळी डॉक्टर अशा बाईला सरळ सांगत की मूल होऊ देऊ नका. ते उगाच सांगत नव्हते. १९६० ते १९६५ या वर्षांतील परदेशी नोंदी पाहिल्या, तर ल्यूपस असलेल्या बायकांचे शेकडा ४३ गर्भ वाया जात. २००० ते २००३ पर्यंत हे प्रमाण शेकडा १७ वर आले. २०१५ साली अमेरिकेत एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष छापले गेले. तिच्यात ३८५ गरोदर बायका होत्या. त्यांतल्या शेकडा ८१ जणींचे गरोदरपण मोठ्या संकटावाचून पार पडले. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. या बायकांचा रोग गर्भ राहिला तेव्हा शांत किंवा सौम्य होता. सारी मेख तिथेच आहे. रोग निदान सहा महिने शांत असावा, मूत्रपिंडे ठीक असावीत, आणि मगच पाळण्याचा विचार करावा, हा आजच्या वैद्यकाचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम औषधांचा. ल्यूपसची काही औषधे गर्भाला घातक आहेत. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फामाइड ही त्यांतली मुख्य. दिवस जाण्याच्या आधीच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ती थांबवून त्यांच्या जागी अ‍ॅझाथायोप्रिनसारखी चालणारी औषधे सुरू करतात. म्हणजे या बाळंतपणाची तयारी नऊ महिन्यांची नसून दीड-दोन वर्षांची असते. आमच्या घरी तर पंचांगाआधी तपासण्यांचे कागद पाहिले गेले!

पण जशी काही औषधे बंद करावी लागतात, तसेच एक औषध मुळीच बंद करायचे नसते, आणि घोटाळा होतो तो इथे. मला दिवस गेल्याचे कळल्यावर जवळच्याच एका दवाखान्यात मला सांगण्यात आले, "आता सगळ्या गोळ्या बंद. पोटात बाळ आहे." सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण मुंबईच्या तज्ज्ञांनी मला अगोदरच बजावून ठेवले होते की हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ती गर्भाला बाधत नाही, उलट ती सोडली तर रोग उसळतो आणि उसळलेला रोग आई आणि मूल दोघांनाही बाधतो. मी गोळी चालू ठेवली. तिच्या जोडीला तिसऱ्या महिन्यापासून अ‍ॅस्पिरिनची लहानशी गोळी आली. रक्तदाब चढून होणारा गरोदरपणातला विकार टाळायला तिची मदत होते.

या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची कुळकथा मोठी गमतीची आहे. ते मुळात हिवतापाचे औषध, कोयनेलच्या नात्यातले. माझी आजी घाटपायथ्याच्या गावची. कोयनेलचे नाव काढले तरी तिचे तोंड कडू होई. १९५१ साली इंग्लंडमधील पेज नावाच्या डॉक्टरांनी मेपाक्रिन हे हिवतापाचे औषध ल्यूपसच्या रोग्यांना दिल्याचा अहवाल छापला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला अमेरिकेत १९५५ साली मान्यता मिळाली. डासांशी लढायला काढलेले औषध असे लांडग्याच्या कामी आले. मात्र त्याची मात्रा वजनावर ठरते आणि ते वर्षानुवर्षे घ्यायचे तर डोळे तपासत राहावे लागते, हेही सांगून ठेवते.

आता रक्तातल्या दोन गोष्टींविषयी. ल्यूपसच्या काही बायकांच्या रक्तात 'आरओ' नावाची प्रतिपिंडे असतात. ती माझ्याही आहेत. ती वारेतून बाळाकडे जातात आणि क्वचित बाळाच्या हृदयातल्या ठोक्यांच्या वाटेवर घाव घालतात. पोटातल्या बाळाचे हृदय मिनिटाला ११० ते १६० वेळा पडते. हा अडथळा पुरा झाला की ते पन्नास-साठवर येते. अशा शंभर आयांमागे एक-दोन बाळांना हे होते. म्हणजे धोका थोडा, पण ज्या घरात होतो त्या घराला तो पुरा. सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंत बाळाच्या हृदयाची वरचेवर सोनोग्राफी करतात ती याचसाठी.

दुसरी प्रतिपिंडे रक्त गोठवणारी. १९८३ साली लंडनच्या डॉ. ह्यूज यांनी त्यांच्यापासून होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. या प्रतिपिंडांमुळे वारेत गुठळ्या होतात, बाळाचे पोषण तुटते आणि गर्भ पुनःपुन्हा जातो. आपल्याकडे अशा बाईच्या कपाळावर काय काय शिक्के मारतात ते मी सांगायला नको. कुणी नजर लागली म्हणते, कुणी पत्रिकेतला दोष काढते. वास्तविक रक्ताच्या तपासणीत हा दोष सापडतो, आणि अ‍ॅस्पिरिनबरोबर हेपारिनची रोजची सुई घेऊन अशा पुष्कळ बायकांचे पाळणे हलले आहेत.

हे सर्व वाचायला सोपे वाटते, पण कर्जतला राहून करणे निराळे. कर्जत ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर लोहमार्गाने १०० किलोमीटर. परळला १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. आहे, त्याच साली निघालेले नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आहे; सारी मोठी वैद्यकी त्या एका परिसरात दाटलेली. लोकलने तिथे जायचे म्हणजे दोन तास जायला आणि दोन तास यायला. खोपोलीच्या बायकांना आणखी एक गाडी गाठावी लागते, आणि त्या फाट्यावर गाड्या मोजक्याच. मार्च ते मे २०१३ या तीन महिन्यांत मी दर पंधरवड्याला ही वारी केली. उन्हाळ्यात आमच्या कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो. लांब बाह्यांचे पोलके, डोक्याला ओढणी आणि वर छत्री असा माझा थाट असे. एप्रिलच्या रखरखीत उन्हात छत्री उघडून फलाटावर उभ्या राहिलेल्या मला पाहून माझेच विद्यार्थी तोंड फिरवून हसत. पण डब्यातल्या बायकांनी एकदाही मला उभे राहू दिले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

खरा पेच पडला तो सातव्या महिन्यात. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही आपली रीत. माझे माहेर खालापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. आईने खोली सारवून घेतली होती, बाळंतविडा जमवला होता. आणि डॉक्टर सांगत होते की आठवा महिना लागण्यापूर्वी मुंबईत मुक्कामाला या. पावसाळा तोंडावर होता. आमच्या भागात उल्हास नदी फुगली आणि रुळांवर पाणी आले की मुंबईचा रस्ता संपतो. रक्तदाब काही तासांत चढू शकतो. पाणी काही तासांत उतरेलच असे नसते. आईला हे पटायला आठवडा लागला. "माहेरपण देता आले नाही असे लोक म्हणतील," हे तिचे दुःख होते. अखेर वडीलच म्हणाले, "माहेर म्हणजे काय भिंती? तू जा तिच्याबरोबर." आणि जूनअखेर आई आपल्या डब्याबाटल्यांसह दादरला मावशीच्या दोन खोल्यांत येऊन दाखल झाली.

पुढे २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. ते चित्र दूरदर्शनवर पाहताना आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या मुलीला जवळ ओढून घेतले.

दादरच्या मुक्कामात सदतिसाव्या आठवड्यात माझा रक्तदाब वाढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली. इथे डॉक्टरांचीही कसोटी असते. ल्यूपसने मूत्रपिंडांवर उचल खाल्ली तरी हीच लक्षणे, आणि गरोदरपणातल्या रक्तदाबाचा विकार झाला तरी हीच. उपाय मात्र उलटे. पहिल्यात औषध वाढवून बाळाला पोटात वाढू द्यायचे. दुसऱ्यात बाळंतपण उरकणे हाच उपाय. रक्तातल्या 'काँप्लिमेंट' नावाच्या घटकांवरून आणि लघवीतल्या पेशींवरून त्यांनी निवाडा केला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझी मुलगी जन्मली. वजन २ किलो ४०० ग्रॅम. ठोके व्यवस्थित. अंगावर काही दिवसांनी गोल लालसर चट्टे उठले, ते आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचे होते. सहा-आठ महिन्यांत ती प्रतिपिंडे विरली तसे चट्टेही गेले. मी तिला अंगावर पाजले. त्या गोळीने त्यालाही आडकाठी नव्हती.

सगळ्यांचेच असे होत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन याच भागात राहते. लग्न ठरवताना तिच्या घरच्यांनी दुखणे लपवले. दुखणे लपवले म्हणजे गोळ्याही लपवणे आले, आणि दिवस गेल्यावर तर त्या पार बंद झाल्या. पाचव्या महिन्यात मूत्रपिंडे सुजली आणि गर्भ गेला. तेव्हा कुठे सारे उघड झाले. तिच्या नवऱ्याने जे विचारले ते मी विसरलेले नाही. तो म्हणाला, "मला आधी सांगितले असते तर मी काय हिला टाकली असती?" पुढे वर्षभर औषधे नीट घेऊन रोग शांत झाला, डॉक्टरांनी होकार दिला आणि तिला मुलगा झाला. नवरा दर तपासणीला रजा काढून बरोबर जाई.

बाळंत झाली म्हणजे सुटली, असेही नाही. प्रसूतीनंतरच्या महिन्यांत हा रोग पुन्हा डोके काढू शकतो, आणि नेमके तेव्हाच घरातल्या सर्वांचे लक्ष पाळण्याकडे असते. बाळाची मालीश, बाळाचे बारसे, बाळाची टोपडी! आईचा रक्तदाब कोणी पाहायचा? पुढच्या मुलाच्या बाबतीतही विचार हवा. रोग जागा असताना किंवा रक्त गोठवणारी प्रतिपिंडे असताना संततिनियमनाच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत, तांबी चालते. हेही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

२०२० सालच्या मार्चमध्ये आमच्या या गोळीला अचानक जगाचे डोळे लागले. कोरोनावर ती उपयोगी पडेल असा बोलबाला झाला. २३ मार्चपासून लोकल बंद, २५ मार्चला गोळीच्या निर्यातीवर बंदी, २६ मार्चला तिच्या विक्रीवर कडक निर्बंध. निर्बंध गरजूंना गोळी मिळावी म्हणूनच होते. पण त्याआधीच दुकाने रिकामी झाली होती. ज्या बायका बारा वर्षे ती गोळी घेत होत्या त्या चिठ्ठी हातात घेऊन दारोदार फिरल्या. माझ्याकडे पंधरा दिवसांचा साठा होता. त्यातल्या आठवड्याभराच्या गोळ्या मी खोपोलीच्या एका गरोदर मुलीला पाठवल्या, आणि पुढच्या आठवड्यात आमच्या औषधवाल्याने कुठून तरी आणून दोघींचीही सोय केली. कोरोनावर तिचा उपयोग नाही हे पुढे त्याच वर्षी मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले.

मग आमच्यासारख्या आडगावच्या बायकांनी काय करावे? मोठ्या तपासण्या परळलाच होतील, पण दोन तपासण्या अशा आहेत की त्या कुठेही होतात: रक्तदाब, आणि लघवीतली प्रथिने पाहणारी साधी पट्टी. प्राथमिक आरोग्य केंद्रातही त्या होतात आणि या दुखण्यात धोक्याची पहिली घंटा बहुधा त्याच देतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांतून गरोदर बायकांची मोफत तपासणी करण्याची योजना आहे. आमच्या तालुक्यांतल्या कातकरी-ठाकर वाड्यांवरून बायकांना अजूनही कधी कधी झोळीतून खाली आणावे लागते. तिथे चढून जाणारी आशाताई "चेहऱ्यावर चट्टा आहे, सांधे सुजतात, दोनदा गर्भ गेला" एवढे जरी टिपून आणील, तरी निम्मे काम होईल.

आणि एक गोष्ट कडू असली तरी सांगितली पाहिजे. काहींनी खरोखरच गर्भ राहू देऊ नये. मूत्रपिंडे फार बिघडलेली असतील, फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेला असेल, नुकताच पक्षाघात होऊन गेला असेल, तर गरोदरपण जिवावर बेतते. अशा बाईला "एकदा तरी" म्हणून आग्रह करणाऱ्यांनी आपण कशाचा आग्रह करतो आहोत ते आधी समजून घ्यावे. मूल दत्तकही घेता येते. मुलावाचूनही संसार होतो.

ज्या घरात असे दुखणे असलेली लेक किंवा सून आहे, त्या घरासाठी मी एक साधी वही सुचवते. माझी अजून जपून ठेवलेली आहे. डाव्या पानावर तारीख, रक्तदाब, लघवीची पट्टी, वजन. उजव्या पानावर चालू गोळ्या, त्यांची मात्रा, आणि कोणती गोळी कोणी व का बंद करायला सांगितली ते. शेवटच्या पानावर रक्तगट, डॉक्टरांचा फोन, १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि पावसाळ्यात मुंबईत कोणाकडे मुक्काम करायचा ते नाव. ही वही बाईने एकटीने लिहू नये. माझ्या वहीत अर्धे अक्षर नवऱ्याचे आहे आणि शेवटच्या दोन महिन्यांचे आईचे. तिला रक्तदाबाचा वरचा आणि खालचा आकडा वाचायला मीच शिकवले. नंतर कर्जतला परत आल्यावर ती शेजारच्या बायकांनाही विचारू लागली, "तुमचा खालचा आकडा किती?"